कोनदार अक्षरं आणि आपला ‘ळ’
(मंडळाच्या सभासद मेळाव्यात सजावट समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सजावट समिती यंदा अक्षरांवर बोलणार म्हटल्यावर काहींनी विचारलं, “त्यात बोलायचं काय? फ्लेक्सवाल्याला मजकूर दिला की तो छापून देतो.” देतो हे खरं. काय छापून देतो, त्याबद्दलच आम्हाला बोलायचं आहे.

जाड, चौकोनी, गोलाईला जवळजवळ रजा दिलेली अक्षरं आता सगळीकडे दिसतात. या घराण्यातले दोन फॉन्ट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली काढले: ‘राजधानी’ आणि ‘टेको’. टेकोचा पहिला आराखडा मनुषी पारीख यांचा. नावाचा अर्थ आधार, म्हणजे आपला टेकूच म्हणा ना. दोन्ही फुकट मिळतात.

जाड अक्षर रोमनमध्ये सोपं, देवनागरीत अवघड. आपलं अक्षर तीनमजली: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचं अंग, खाली उकार. त्यातून शिरोरेषाही जाड केली की मधल्या मजल्यात हवा खेळायला जागा उरत नाही. ‘ष’, ‘क्ष’, ‘श्री’ यांची पोटं बुजतात. मग गोल पोटाऐवजी चौकोनी केलं, तर तेवढ्याच रुंदीत पांढरी जागा जरा जास्त सापडते. कोनदारपणा ही नुसती फॅशन नाही, तो जागेचा हिशेबही आहे. आणि तो आपल्याला परकाही नाही. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असायचं, म्हणून पोथीतला अनुस्वार गोल टिंबासारखा न पडता शंकरपाळ्यासारखा पडतो.

किंमत मात्र मोजावी लागते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एका गाठीचा, एका वळशाचा. वळसे सरळ केले की ही अक्षरं लांबून जुळ्या भावांसारखी दिसतात. चांगला आरेखक नेमका तिथे थांबून विचार करतो. मुंबईच्या ‘एक टाइप’च्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अगदी उलटी वाट धरली. त्यांच्या फॉन्टमधली अक्षरं इतकी फुगलेली की पोटात केसाएवढी फट उरते, आणि नाव काय, तर ‘मोदक’! आपल्या बाप्पाला हा जास्त शोभेल, असं आमच्यातल्या निम्म्यांचं मत आहे.

जुन्या मंडळींना कमल शेडगे (१९३५–२०२०) आठवत असतील. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं पाहून नाटकाचा बाज कळायचा. पण शेडग्यांना एका नाटकाच्या नावाचीच अक्षरं काढायची असत. फॉन्ट करणाऱ्याला उद्या कोण कुठलं जोडाक्षर टाइप करील ते माहीत नसतं, म्हणून त्याला सगळी करून ठेवावी लागतात. आपली अडचण इथेच येते.

इथला डीटीपीवाला हिंदीत मुरलेला. ‘ळ’ त्याच्या बोटांत नाही. एका वर्षी आपल्या देणगीदारांच्या फलकावर ‘काळे’ यांचे ‘काले’ झाले, आणि ‘मुळे’ यांचे ‘मुले’. वाचून सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, पण मुळे आजोबा हसले नाहीत. इंदुरात आपल्या चौथ्या-पाचव्या पिढीची मुलं शाळेत मराठी शिकत नाहीत. घरी बोलतात, वाचतात ती या दहा दिवसांतले आपले फलकच. आडनावातला ‘ळ’ त्यांना तिथेही दिसला नाही, तर दिसणार कुठे?

इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘एन’ दाबलं की ‘ळ’ येतो; शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ‘ऱ’, आणि त्याला हलन्त व य जोडले की ‘दऱ्या’तला ‘ऱ्या’. हे आम्ही दुकानदाराला कागदावर लिहून दिलं, त्याने ते काचेखाली लावून ठेवलं आहे. भला माणूस आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं काही फॉन्टांत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये या वळणांचा निर्णय काढला; तो मध्य प्रदेशातल्या दुकानापर्यंत कशाला येईल?

म्हणून फॉन्ट ठरवण्याआधी आम्ही एक ओळ छापून घेतो: ‘बाळ काळे, दऱ्या, ऱ्हास, श्री, ज्ञान, ॲड., भ म, घ ध.’ ती भिंतीला लावून तीस फुटांवरून वाचायची. फलकवाल्यांचा ठोकताळा दहा फुटांना एक इंच; आपल्याकडे तो इंच मात्रा-उकार सोडून नुसत्या अक्षराच्या अंगाचा धरावा. कोनदार फॉन्टमध्ये ‘ळ’ म्हणजे शेजारी शेजारी दोन चौकटी. त्या खिडक्या उघड्या दिसल्या तर फॉन्ट पास.

वापराबद्दल थोडकं. कमान, रंगमंचाचा पडदा, स्पर्धांचे फलक, मिरवणुकीची गाडी इथे ही अक्षरं हवीतच. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा, कल्याण या मिलांच्या झांक्या निघतात. मिला बंद पडल्या, झांक्या नाहीत. त्या झगमगाटात नाजूक अक्षर कोण वाचणार? पण अथर्वशीर्षाचा कागद, निमंत्रण, श्रद्धांजली यांना हा फॉन्ट लावू नये. श्रद्धांजली कबड्डीच्या जर्सीसारखी दिसते.

यंदाच्या कमानीचा नमुना कार्यालयात लावला आहे. देणगीदारांनी आपापली नावं २५ तारखेपर्यंत स्वतः वाचून जावीत. मुळे आजोबा वाचून गेले.