तात्या दवाखान्यात का गेला नाही?

(वस्तीतल्या युवक बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत गोणी उचलणारा. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कविता म्हणणार नाही. माझ्या चुलत्याची गोष्ट सांगणार आहे. तीत माझाही गुन्हा आहे.

एप्रिल 2020. लॉकडाऊन लागून महिना होत आलेला. रात्री दोनला तात्या उठून बसला. छातीवर गोणी ठेवल्यागत झालंय म्हणाला. बनियन घामानं भिजलेलं, डावा हात जड. मी म्हटलं, "तात्या, 108 ला फोन लावतो." तर माझं मनगट धरून म्हणाला, "नगं रं. गॅस हाय. गाडी दारात आली की सगळी चाळ सील करत्याल. मला नेत्याल ते तोंड बी दावायचे न्हाईत."

मी फोन खिशात घातला. उजाडायच्या आत तात्या गेला.

लोक म्हणतात, अडाणी होता म्हणून मेला. खोटं! तात्यानं हिशेब केला होता. चाळ सील म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांची रोजी बुडाली. लोकल बंद, खिसा रिकामा. शेजारच्या गरोदर बाईला एका नर्सिंग होमनं "आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा" म्हणून दारातनंच परत धाडलं होतं. आणि अडाणीच म्हणायचं तर अमेरिकेला काय म्हणाल? तिथं 13 मार्च 2020 ला आणीबाणी जाहीर झाली. पुढच्या दहा आठवड्यांत हार्ट अटॅक घेऊन इमर्जन्सीत येणारे 23 टक्क्यांनी घटले. अटॅक काय रजेवर गेले होते?

मुंबईला ही भीती नवी नाही. 1896 च्या प्लेगात पालिका आजाऱ्याला घरातनं जबरदस्तीनं उचलायची. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पण त्याच साथीत, 1897 साली, सावित्रीमाईनं मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि यशवंताच्या दवाखान्यात पोचवलं. तिलाही प्लेग झाला. 10 मार्चला ती गेली. त्या पोराला कुणी लपवलं नाही, कारण न्यायला आलेला हात आपला होता.

आता कायदा ऐका. रेल्वेतनं पडलेल्या एका मजुराला सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून दारोदार फिरवलं. पश्चिम बंगालची खेतमजूर समिती कोर्टात गेली. 1996 साली सुप्रीम कोर्ट बोललं : सरकारी इस्पितळानं तातडीचे उपचार नाकारले तर बाबासाहेबांच्या संविधानातलं 21 वं कलम मोडलं.

हृदयाच्या नळीत गुठळी अडकली की मिनिटामिनिटाला हृदय मरतं. ते साथ संपायची वाट बघत नाही. म्हणून पुढली साथ यायच्या आत आपली टोळी बांधा. एकानं फोन लावायचा. दोघांनी उचलायचं. एकानं दारात अडवणाऱ्याला कलम ऐकवायचं. आणि चाळ सील झालीच, तर तिची चूल आपण पेटती ठेवायची.

मी मालकासाठी रोज गोण्या उचलतो. त्या रात्री घरचा एक माणूस उचलला नाही.

तुम्ही उचला.

जयभीम.