दारू, मनाचा आजार आणि योजनेचे कार्ड
(कार्यकर्ता प्रशिक्षण वर्गातील भाषण)



पाड्यावर गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कार्ड काढलंय, मग ह्याची दारू त्यात सुटेल का?" याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर नाही, म्हणून आज तेवढाच विषय घेते.

आयुष्मान भारत आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. आयुष्मानच्या यादीत मानसिक आजार आहेत, व्यसनातून होणारे मानसिक विकारही आहेत. पण प्रत्येक रुग्णालयात ते मिळतीलच असे नाही. म्हणून दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधार पुढे ठेवून सरळ विचारा, "हा आजार इथे योजनेत बसतो का?" आयुष्मानची चौकशी १४५५५ वर होते.

दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या मात्र कार्डावर मिळत नाहीत. तिथे कार्ड विसरा, सरकारी दवाखाना धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी असते, तिचा वार आधी विचारून घ्या. ऐंशी किलोमीटरवरून आलेला माणूस चुकीच्या वारी आला, तर पुन्हा येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. बायकोने शपथ घातली, माणसाने एका दिवसात दारू बंद केली. घरच्यांना आनंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, फिट येते, नसलेली माणसे दिसू लागतात. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले, आणि भगताकडे नेतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की असे होते, आणि यात माणूस दगावू शकतो. भगताशी भांडत बसू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, पण गाडी थांबवू नका. १०८ बोलवा. अशा वेळी दाखल करावेच लागते. 'सोड म्हणजे सोड' असा उपदेश करणाऱ्या आपल्या लोकांनीही हे ध्यानात ठेवावे.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्राची जाहिरात पाहून कोणी शेळ्या विकायला निघाले, तर आधी त्यांना थांबवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा केंद्राला नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागा. घरच्यांना भेटू देत नसतील, तर तिथे ठेवू नका. याच कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे.

दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि गोळ्या तुटतात. निघण्याआधी जादा दिवसांच्या गोळ्या मागा, केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्या. आयुष्मान कार्ड परराज्यातही चालते, हेही सांगा.

'टेली मानस'चा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. जीव द्यायची भाषा करणाऱ्याला एकटे सोडू नका. शेजारी बसून तुमच्याच फोनवरून लावून द्या. रेंज नसेल तर टेकडीवर सोबत जा. व्यसनासाठी १४४४६ आहे.

दोन्ही क्रमांक आत्ताच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घ्या. मी थांबते, कोणाचे राहिले असेल तर परत सांगते.