अमेरिकेंतील शिरगणती आणि अलाबामाचा काळा पट्टा

(तालुक्याच्या गांवीं वाचनालयांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही आंकडे सांगावयास उभे राहिलों आहों. आंकडे म्हटले कीं श्रोत्यांस जांभई येते, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्या हातीं मोजणीची वही त्याच्याच हातीं वाटणीचें माप, हें ज्यांच्या आज्यापणज्यांनीं कुळकर्ण्याच्या दप्तरापुढें हात जोडून अनुभविलें, त्यांस तरी आंकड्यांचा कंटाळा परवडणारा नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें, तें अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें. त्या गुलामांच्या पणतवंडांचें पुढें काय झालें, तीं आज कोठें राहतात, त्यांस कोण मोजतो व कसा मोजतो, हें विचारणें आपणांस परकें नाहीं. सबंध अमेरिका घेतली तर रात्र पुरणार नाहीं. म्हणून एकच संस्थान घेऊं. त्याचें नांव अलाबामा.

अलाबामांत ६७ कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा मुलूख समजा. मात्र तिचें कोर्ट तिचें स्वतःचें, आणि तिचा शेरीफ, म्हणजे फौजदार, लोकांनीं मतें देऊन निवडलेला. ही गोष्ट ध्यानांत ठेवा, पुढें उपयोगी पडेल. २०२० च्या खानेसुमारींत या संस्थानची वस्ती ५०,२४,२७९ भरली. तींत गोरे शेंकडा ६४ च्या आसपास व काळे शेंकडा २६ च्या आसपास. पण ही सरासरी मोठी फसवी आहे. संस्थानच्या मध्याखालून पूर्वपश्चिम एक पट्टा जातो. ग्रीन, सम्टर, पेरी, डॅलस, विल्कॉक्स, लाउंड्स, बुलक, मेकन या कौंट्या त्यांत येतात. तेथें काळ्यांचें प्रमाण शेंकडा सत्तर ते ऐंशीच्या घरांत आहे. आणि तेथून उत्तरेस शेंदीडशें मैलांच्या आंत कलमन, विन्स्टन अशा डोंगराळ कौंट्या लागतात, तेथें शंभर माणसांत एखादाच काळा दिसतो. राज्य एक, कायदा एक, मग माणसें अशीं दोन ढिगांत कां पडलीं?

याचें उत्तर मातींत आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं या पट्ट्यावर समुद्र होता. तो ओसरला तेव्हां मागें खडूचा थर राहिला, आणि त्यावर काळीभोर चिकण जमीन तयार झाली. तीस तिकडे 'ब्लॅक बेल्ट' म्हणजे काळा पट्टा म्हणतात. मेकन कौंटींत टस्कीगी येथें १८८१ सालीं शाळा काढणारे बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत खुलासा केला आहे कीं, हें नांव आधीं मातीवरून पडलें व मागाहून माणसांवरून चालूं झालें. वऱ्हाडच्या शेतकऱ्यास ही माती सांगावी लागत नाहीं. पावसांत पाय धरते, उन्हांत भेगाळते आणि कपाशीला आईसारखी पोसते. जेथें अशी जमीन तेथें कापूस, जेथें कापूस तेथें गुलाम. १८६० च्या शिरगणतींत अलाबामाची वस्ती ९,६४,२०१ होती, पैकीं ४,३५,०८० गुलाम. एकट्या लाउंड्स कौंटींत २७,७१६ माणसांपैकीं १९,३४० गुलाम होते. डोंगरांतील विन्स्टन कौंटींत मात्र सव्वाशेंहून अधिक गुलाम नव्हते, कारण खडकाळ जमिनींत नांगर धरणारा गोरा शेतकरी स्वतःच गरीब. १८६१ च्या जानेवारींत अलाबामानें गुलामगिरी राखण्याकरितां फुटून निघण्याचा ठराव केला, तेव्हां याच विन्स्टननें पाठविलेल्या ख्रिस्तोफर शीट्स नांवाच्या तरुण शाळामास्तरानें त्यावर सही करण्याचें नाकारलें व पुढें तुरुंग भोगला. गरिबाला दुसऱ्याच्या गुलामांकरितां मरण्याचें कारण दिसेना, हें त्या मास्तरास कळलें. पुष्कळ पंडितांस कळलें नाहीं.

त्याच लढाईमुळें अमेरिकेचा कापूस विलायतेस जावयाचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ सालीं लढाई संपतांच मुंबईचे शेअरवाले एका रात्रींत भिकेस लागले. म्हणजे लाउंड्सच्या शेताचा व आपल्या शेताचा तेव्हांच संबंध जुळला होता, जरी दोन्ही शेतांत राबणाऱ्यांस त्याचा पत्ता नव्हता.

आतां मोजणाऱ्याकडे वळूं. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेंत असें ठरलें कीं, प्रतिनिधींच्या जागा वांटतांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरावीं. गुलामास मत नाहीं, पण त्याच्या डोक्याच्या जोरावर त्याच्या धन्याला जागा जास्ती! १८५० व १८६० च्या वह्यांत गुलामांचें वेगळें पत्रक आहे. त्यांत नांव आहे तें धन्याचें. त्याखालीं एकामागून एक ओळी, वय अमुक, पुरुष किंवा बाई, रंग काळा किंवा मिश्र. माणसाचें नांव नाहीं. मुक्त झालेल्यांचीं नांवें सरसकट लिहिलीं गेलीं तीं १८७० सालीं. आज तेथील कुटुंबें आपल्या पूर्वजांचा शोध घेत १८७० पर्यंत येतात आणि त्यापलीकडे भिंतीशीं अडतात. "बाई, वय २६, काळी" या ओळींत आपली खापरपणजी ओळखावी कशी?

रंग ठरविणारा कोण? पुष्कळ वर्षें दारांत आलेला कारकूनच. तो पाही आणि लिही. १८९० च्या खानेसुमारींत तर अर्ध्या, पाव व आठव्या हिश्शाच्या काळ्या रक्ताचीं वेगवेगळीं नांवें होतीं. रक्त जणूं शेराचापशेरानें मोजावयाची जिन्नस! १९३० सालीं हुकूम असा कीं, काळ्या रक्ताचा थेंब असला तरी तो काळाच लिहावा. आणि मौज ऐका. १९२०, १९३० व १९४० च्या खानेसुमारींत तेथें 'हिंदु' हा एक वर्ण होता! पंजाबचा शीख असो, मुसलमान असो, तो वहींत हिंदुच. १९७० सालीं हिंदुस्थानांतून गेलेले लोक गोऱ्यांत धरले, व १९८० सालीं त्यांस आशियाई लोकांत वेगळा रकाना मिळाला. माणूस तोच, कातडी तीच, रकाना तीनदां बदलला. १९६० पासून लोकांनीं आपला वर्ण आपण लिहिण्याची पद्धत सुरू झाली व २००० पासून एकाहून अधिक वर्ण लिहिण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे सर्व जातींचे आंकडे १९३१ नंतर खानेसुमारींत छापले गेले नाहींत, आणि पुढील खानेसुमारींत जात मोजूं असें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. तेव्हां कारकून काय लिहितो हें पाहावयास घरांतील एक तरी शिकलेलें माणूस दारांत उभें असावें, एवढें जातां जातां सांगून ठेवतों.

लाउंड्सकडे परत येऊं, कारण सारी गोष्ट तेथेंच आहे. १९६५ च्या आरंभीं या कौंटींत पांचांतील चार माणसें काळीं होतीं, आणि मतदारांच्या यादींत काळें नांव एकही नव्हतें. चुकून बरें, एकही नव्हतें! उलट गोऱ्यांची यादी अशी फुगली होती कीं, मतदानाच्या वयाचे जितके गोरे खानेसुमारींत भरले त्यांच्या शेंकडा ११८ नांवें तींत होतीं. मेलेले आणि गांव सोडून गेलेले गोरे यादींत शाबूत; जिवंत काळ्याला मात्र दार बंद. खानेसुमारीचें पुस्तक नसतें तर ही लबाडी कोर्टापुढें आणि जगापुढें सिद्ध कशी झाली असती? त्याच वर्षीं मार्चमध्यें सेल्मापासून माँटगोमेरीपर्यंत मोर्चा निघाला तो लाउंड्समधूनच गेला, व ऑगस्टमध्यें मतदानहक्काचा कायदा झाला. ज्या कुळांनीं यादींत नांव घातलें त्यांस जमीनदारांनीं घरांतून काढलें. तीं हमरस्त्याच्या कडेस तंबू ठोकून राहिलीं, पण नांव मागें घेतलें नाहीं.

त्या काळीं अलाबामाच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक पक्षास चित्र लागे, कारण अनेकांस वाचतां येत नसे. गोऱ्यांच्या पक्षाचें चित्र पांढरा कोंबडा. लाउंड्सच्या काळ्यांनीं आपला पक्ष काढला व चित्र घेतलें काळ्या वाघाचें, म्हणजे तिकडील पँथरचें. १९६६ ची निवडणूक ते हरले. परंतु त्याच सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें तरुणांनीं तें चित्र उचललें, ब्लॅक पँथर पक्ष स्थापिला, आणि तें नांव १९७२ सालीं मुंबईच्या वस्त्यांत येऊन दलित पँथर झालें. १९७० सालीं जॉन ह्यूलेट, ज्यानें ती यादीची चळवळ उभी केली, तो लाउंड्सचा शेरीफ निवडून आला.

यादींत शिरल्यावर मग हद्दींचा खेळ. टस्कीगी गांवीं तर तो कायदा होण्याच्या आधींच झाला होता. १९५७ सालीं कायद्यानें गांवाची चौकोनी हद्द मोडून २८ बाजूंची केली, आणि सुमारें ४०० काळ्या मतदारांपैकीं चारपांच सोडून सारे गांवाबाहेर पडले. गोरा एकही पडला नाहीं. मोजणीदाराची साखळी इतकी हुषार आम्हीं दुसरीकडे ऐकली नाहीं. १९६० सालीं वरिष्ठ कोर्टानें ती हद्द टिकूं दिली नाहीं. आणि हें जुनें म्हणून सोडूं नका. अलाबामाच्या सात प्रतिनिधींपैकीं एकाच जागीं काळ्यांचें मत चालेल असा नकाशा केला होता, वस्ती तर चौथ्या हिश्शाहून अधिक. २०२३ सालीं वरिष्ठ कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांपैकीं पांचांनीं काळ्या फिर्यादींच्या बाजूनें निकाल दिला, व २०२४ च्या निवडणुकींत दोन काळे प्रतिनिधि निवडून गेले. त्या खटल्याचा पाया खानेसुमारीचे आंकडेच होते.

आतां या आंकड्यांचें दुसरें अंग. दहा वर्षांनीं होते ती शिरगणती. मधल्या काळांत दरवर्षीं सुमारें ३५ लाख घरांस प्रश्न विचारून पाहणी करितात. जेथें वस्ती ६५ हजारांहून कमी तेथें एका वर्षाचा आंकडा देत नाहींत, पांच वर्षांचा मिळून देतात, व चुकीची मर्यादा शेजारीं छापतात. लाउंड्सची वस्ती १९०० सालीं ३५ हजारांवर होती. कापूस व कुळें दोन्ही गेल्यावर २०२० सालीं दहा हजारांच्या थोडी वर उरली. अशा ठिकाणीं पाहणींतला टक्का दोन वर्षांत दोनचारानें हलला तर माणसें हललीं असें समजूं नये. शिवाय गळती आहेच. २०२० ची मोजणी सरकारनें स्वतःच तपासली, तेव्हां काळे शेंकडा ३.३ नें कमी भरले व गोरे शेंकडा १.६४ नें जास्ती भरले असें निघालें. भाड्यानें राहणारा, वारंवार घर बदलणारा, आजीकडे ठेवलेलें तान्हें मूल, हीं गळतात. दोन घरें असणारा दोनदां मोजला जातो.

गळलें तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. लाउंड्सची तीच काळी चिकण माती पाणी मुरूं देत नाहीं. घरामागें साधी मोरी केली कीं मैला अंगणांत वर येतो, आणि पक्की टांकी गरिबाच्या आवांक्याबाहेर. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत तेथील तपासलेल्या माणसांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिकांत आंकड्याच्या कृमीची खूण सांपडली, आणि तीही जगांतील सर्वांत श्रीमंत देशांत! २०२३ सालीं मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्यानें अलाबामाच्या आरोग्यखात्याशीं याविषयीं करार केला, व २०२५ सालीं तें करार मोडून मोकळें झालें. मोऱ्या ज्यांच्या बांधून झाल्या त्यांच्या झाल्या.

आम्हीं आणलेला नकाशा मागच्या भिंतीवर लाविला आहे. ज्या कौंट्यांत काळे निम्म्याहून अधिक त्या शाईनें काळ्या केल्या आहेत. त्याखालीं दुसऱ्या कागदावर तेथील जमिनीचा नकाशा आहे. ज्यांस पाहावयाचे त्यांनीं दोन्ही एकावर एक धरून पाहावे, आणि शंका असतील त्या विचाराव्या. आम्ही दिवे जाईपर्यंत येथेंच आहों.