मध्य प्रांत : विभाग, राजधान्या आणि विकासाचे अंतर



छत्तीसगडच्या राजधानीचा विचार करताना मध्य प्रांताचा नकाशा समोर ठेवणे उपयुक्त ठरते. 1758 पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. 1818 नंतर ब्रिटिश देखरेखीच्या काळात मुख्यालय रायपूरला आले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये नागपूर प्रांत व सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत स्थापन झाला. त्याची राजधानी नागपूर होती.

प्रांताचे नागपूर, जबलपूर, नर्मदा व छत्तीसगड असे चार विभाग होते. 1862 पासून छत्तीसगड विभागाचे मुख्यालय रायपूर होते. 1903 मध्ये वऱ्हाड या प्रशासनाला जोडले गेले. 1905 मध्ये संबलपूर बंगालकडे गेले आणि 1906 मध्ये दुर्ग जिल्हा निर्माण झाला. विभागाचा आयुक्त हा जिल्हा आणि प्रांतिक सरकार यांमधील दुवा असे. महसुलाची सोय हा या रचनेचा मुख्य हेतू होता. लोकांच्या गरजा दुय्यम होत्या.

1948 मध्ये छत्तीसगडमधील 14 संस्थाने विलीन झाली आणि बस्तर, रायगड व सरगुजा हे जिल्हे अस्तित्वात आले. त्यांपैकी बस्तर जिल्ह्याचे क्षेत्रफळ 39 हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे केरळ राज्यापेक्षाही मोठे होते. एवढ्या विस्तारात साध्या दाखल्यासाठीही दूरच्या गावातील आदिवासी कुटुंबाला जिल्ह्याचे ठिकाण गाठणे किती कठीण असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हा जिल्हा 1998 मध्ये प्रथमच विभागला गेला.

1956 च्या राज्य पुनर्रचनेने जुना प्रांत दुभंगला. आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; नागपूरचे राजधानीपद संपले. छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. एकाच प्रांताच्या या दोन्ही भागांना राजधानी दुरावल्याचा अनुभव आला. विदर्भासाठी 1953 च्या नागपूर कराराने नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनाची हमी दिली होती. पुढे 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. छत्तीसगडला मात्र 1 नोव्हेंबर 2000 रोजी स्वतंत्र राज्य मिळाले आणि रायपूर राजधानी झाले.

राज्य स्थापन झाले तेव्हा 16 जिल्हे होते; 2022 मध्ये ही संख्या 33 झाली. रायपूर, बिलासपूर, दुर्ग, बस्तर व सरगुजा असे पाच विभाग आज कार्यरत आहेत. प्रशासन जवळ आले, ही जमेची बाजू होय. परंतु नवे कार्यालय उघडले म्हणजे डॉक्टर, शिक्षक व अभियंता तेथे पोहोचलाच असे होत नाही. अधिकार व निधी ग्रामसभेपर्यंत झिरपला नाही, तर भोपाळचे अंतर केवळ रायपूरच्या अंतरात बदलते.

राजधानीपासून सर्वांत दूर असलेल्या गावाला शासन किती जवळचे वाटते, हीच कोणत्याही विभागणीची खरी कसोटी आहे. सीमारेषा सरकार आखते. तिला अर्थ मात्र सेवेतूनच प्राप्त होतो.