जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचे वजन



लातूरला शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले, म्हणून मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले. विषय मी मुद्दाम निवडला आहे. जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेले म्हातारे माणूस घरी आले म्हणजे औषधाची चिठ्ठी पुरुषमंडळी सांभाळतात. ताट मात्र आपल्याच हाती असते.

माझ्या नांदेडच्या आत्याबाईंचेच सांगते. वय ७१. जठर सगळेच काढावे लागले. आधी वजन ५२ किलो होते, ते सहा महिन्यांत ४४ वर आले. येईल ती बाई दारातूनच म्हणे, "अगं बाई, किती वाळलात हो!" एकीने तर सुनेला ऐकू जाईल अशा बेताने "खायला मिळतं ना?" असे विचारले. सून बिचारी रडकुंडीस आली. तिने शिरा केला, गूळ घालून दूध दिले, दर तासाला ग्लुकोजचे पाणी पाजले. ते घेतले की अर्ध्या तासात आत्याबाईंना दरदरून घाम सुटे, छाती धडधडे, पोटात कळ येऊन जुलाब होत. पुढे त्यांनी खाण्याचीच धास्ती घेतली. रोग परत आला, असे घराने मनातल्या मनात ठरवूनही टाकले.

तपासणीत तसे काही निघाले नाही. मग वजन गेले कोठे? जठर हे अन्नाचे कोठार आहे. आपण एका बैठकीला जेवतो आणि ते थोडे थोडे करून पुढे आतड्यात सोडते. कोठारच गेले की गोड व पातळ पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, आतडे अंगातले पाणी ओढून घेते आणि मघाशी सांगितलेला घाम व जुलाब सुरू होतात. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे द्रव्यही मुख्यतः जठरातच तयार होते, त्यामुळे "भूकच नाही" हे म्हाताऱ्यांचे म्हणणे खरेच असते. तो हट्ट समजू नये.

जठरावाचून माणूस जगतो का, असे मला नेहमी विचारतात. जगतो. व्हिएन्नात बिलरोथ यांनी १८८१ साली कॅन्सर झालेला जठराचा भाग काढून दाखविला, आणि १८९७ साली झुरिकच्या श्लाटर यांनी एका बाईचे जठर संपूर्ण काढले. ती त्यानंतर वर्षाहून अधिक जगली. आज तर माणसे वर्षानुवर्षे जगतात.

या शस्त्रक्रियेनंतर वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जातो; जठर पूर्ण काढले तर पुष्कळदा त्याहूनही जास्त. पहिल्या सहा महिन्यांत ते झपाट्याने उतरते, वर्षाच्या सुमारास बहुधा थांबते, आणि पुष्कळांना जुने वजन पुन्हा मिळत नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत काळजी याची की, चरबीबरोबर मांसही झडते. मग उठताना हात टेकावा लागतो, तोल जातो. म्हणून अंथरुणावर पडून न राहता रोज थोडे चालावयाचे आणि अंडे, दही, डाळ पोटात जाऊ द्यावयाची. लातूरच्या बाजारात तूरडाळीला काय तोटा! दाट वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, दाण्याचे बारीक कूट, सोसत असेल तर दूध. दिवसातून सहा ते आठ वेळा, वाटीवाटीने. सावकाश चावून. पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने, घोट घोट. शिरा आणि सरबत दूरच बरे. आता एकादशीचे. मी स्वतः एकादशी करते, तरी सांगते की, अशा बाईने उपवास करू नये. आणि सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवावयाची आपली रीत तर तिच्यापुरती मोडाच.

आत्याबाईंच्या सुनेने हे सगळे केले. वजन ४३ वर येऊन थांबले, पुढे वर्षभर हलले नाही.

आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच हलक्या साडीत, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. उपयोग असा की, थांबलेले वजन पुन्हा घसरू लागले, घास अडकू लागला, उलट्या होऊ लागल्या किंवा शौचाला काळे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाता येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या तारखेची वाट पाहत बसू नये. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे. लातूरला शासकीय रुग्णालय आहे आणि १९६६ पासूनचे विवेकानंद रुग्णालयही आहे.

आणखी एक गोष्ट घरोघर विसरली जाते. जठर पूर्ण काढले की बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून अंगी लागत नाही. त्याची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. यकृतातला साठा दोन-चार वर्षे पुरतो, तोवर सगळे ठीक दिसते. नंतर पायांना मुंग्या येतात, विसर पडू लागतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. आत्याबाईंच्या इंजेक्शनची तारीख सून आता दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने, गॅसच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवते.