फॉर्मच्या समासातली बाई



मी मॅट्रिक. गोदीत गोण्या वाहणारा. हा संशोधनावर काय बोलणार, असं इथल्या विद्वानांना वाटंल. वाटू द्या. मोजणी काय असते ते गोदीकामगाराला शिकवावं लागत नाही. टॅली क्लार्क गोण्या मोजतो, बरोबर मोजतो. पण कुणाची कंबर का मोडली, त्याला त्याच्या वहीत रकाना नसतो.

गांबियाचं ऐका. पश्चिम आफ्रिकेतला, नदीच्या दोन्ही काठांनी चिंचोळा पसरलेला देश. भुईमूग पिकवायचा नि परदेशी धाडायचा. तिथं उत्तर काठावर फाराफेनी गाव. त्याच्या आसपासच्या खेड्यांत १९९२ साली बायकांची पाहणी झाली. छापील फॉर्म. पोरं किती, जगली किती, पाळणा लांबवायला काय वापरता? गोळ्या नाही तर डेपो-प्रोव्हेराची सुई घेणाऱ्या थोड्याच निघाल्या. पण त्यांतल्या काहींचा गर्भ नुकताच पडलेला, कुणाला मेलेलं मूल झालेलं. पोरं हवीत, आणि तरी सुई!

शहाण्यांचं शास्त्र सांगतं, पोरं पुरे झाली की बाई साधन वापरते. मग या बाया काय येड्या? नुसता आकडेवाला असता तर चूक समजून त्यानं त्या ओळी खोडल्या असत्या.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन ब्लेडसो, गांबियाच्याच फाटुमाटा बांजा नि लोकसंख्येचे अभ्यासक ॲलन हिल यांनी त्या खोडल्या नाहीत. फॉर्म भरणाऱ्यांनी कडेला समासात हातानं खरडलेलं वाचलं. बायकांना मोकळं बोलू दिलं. तेव्हा उलगडलं. त्या बायकांच्या लेखी म्हातारपण नुसतं वर्षांनी येत नाही. अवघड बाळंतपणांनी येतं. रक्त आटतं, ताकद सरते. गर्भ पडला की अंग मोडतं. मग सुई कशाला? अंग भरून यावं, पुढचं पोर जिवंत जन्मावं म्हणून. पोरं कमी करायला नव्हे, पोरं मिळवायला!

आणि साहेब लोक त्याच आकड्यावर टिकमार्क करणार, कुटुंब लहान होतंय म्हणून.

कुणी म्हणंल, मग आकडे जाळा. मी नाही म्हणत. एकाच बाईची कहाणी नेली असती तर साहेब म्हणाला असता, असंल एखादी. मोजणी होती म्हणून त्याला तसं म्हणता आलं नाही. बोलणं नसतं तर मोजणी मुकीच राहिली असती. बोलण्यातून निघालेले प्रश्न पुन्हा फॉर्मात गेले, पुन्हा मोजले गेले. २००२ साली ब्लेडसोंचं पुस्तक आलं, बांजांच्या सहभागासह. समासातलं ते खरडणं आता पुस्तकाच्या मधोमध आहे.