पडद्यावरच्या चार चौकटी



चित्रपटावर बोलायला आम्हाला उभे करणे हे संयोजकांचे धाडसच म्हणायचे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, पत्रके वाचता वाचता झाले. तेव्हा कलेचे राहू द्या. आम्ही प्रेक्षकांविषयी बोलू. माणसे जमवायची आणि ती कशाकडे बघतात हे बघायचे, हेच आमचे आयुष्यभराचे काम.

मागल्या पावसाळ्यात येथल्याच एका पडवीत चादर ताणून आम्ही ‘टाइमकोड’ नावाचा चित्रपट दाखवला. माइक फिगिस या दिग्दर्शकाचा हा चित्रपट २००० सालचा. पडद्याचे चार भाग केलेले. चार कॅमेरे एकाच वेळी चालू झाले ते दीड तासावर थांबलेच नाहीत. कोठे कात्री नाही की जोड नाही. हा सारा खेळ पंधरा वेळा पहिल्यापासून करून बघितला, तेव्हा कोठे मनासारखा साधला.

आता चार ठिकाणी एकदम बोलणे चालले तर ऐकायचे कोणाचे? दिग्दर्शक एका चौकटीचा आवाज चढवतो, बाकीच्यांचा उतरवतो. आवाज जिकडे, नजर तिकडे.

पहिली दहा मिनिटे कुरबूर झाली. एका पोराला वाटले, यंत्रच बिघडले. एक मावशी उठून म्हणाल्या, “दादा, बघायचं कुठं?” आम्ही म्हटले, वाटेल तिथे बघा. पुढे गंमत अशी झाली की, इंग्रजी समजणारे आमचे मास्तर आवाजामागे धावत राहिले. मावशींना त्यातले अक्षर कळत नव्हते. त्यांनी मोटारीत बसून राहिलेली एक बाई धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. गोष्ट मास्तरांनी सांगितली. त्या बाईचा चेहरा कधी कसा पडला, ते मावशींनी.

मालेगावात तीस वर्षे माग चालवलेले एक गृहस्थ मात्र सुरुवातीपासून निवांत होते. ते म्हणाले, “चार माग बघायचे म्हणजे कानानंच बघायचे, भाऊ. एक बंद पडला की ठोक्यात ठोका कमी होतो. मान आपोआप तिकडं वळते. घरी आलं तरी वळते.”

हे शेवटचे वाक्य आम्हाला लागले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. दोनांऐवजी तीन माग सांभाळा, हा मालकांचा आग्रह त्याच्या कारणांपैकी एक. संपाचा हा इतिहास आम्ही कामगारांना कितीदा सांगितला आहे! सांगताना मजुरी किती बुडाली आणि माणसे किती कमी होणार होती, याचाच हिशेब मांडला. घरी आल्यावरही वळणारी मान त्या हिशेबात कधी धरली नाही. आम्ही स्वतः लिहिलेल्या मागणीपत्रांतही ती नाही. ती कोणत्या कलमात घालावी, हे अजून आम्हाला सुचलेले नाही.

दुसऱ्या रात्री लोकांच्याच आग्रहावरून आवाज बंद करून तोच चित्रपट लावला. पोरांनी चौकटी वाटून घेतल्या आणि कोणाच्या चौकटीत काय घडले यावर भांडली. मध्येच भूकंप होतो, चारी चौकटी एकदम हादरतात, तेव्हा सगळे एकाच सुरात ओरडले. मास्तर मावशींशेजारी जाऊन बसले होते.

माग चालवणारे गृहस्थ तेवढे अर्ध्यातून उठले. आम्ही विचारले, तर म्हणाले, “आवाजच नाही, भाऊ. मला काही दिसेना.” मग बराच वेळ ते बाहेर विडी ओढत बसले होते.